सहावं ताट

आमच्या घरात ‘बुडणं’ हा शब्द कोणी तोंडातून काढत नसे. सूर्य मावळायचा. चहातलं बिस्कीट ‘गेलं’ म्हणायचं. विहिरीत कळशी सोडली की ती ‘खाली बसायची’ आणि तापामुळे शाळा चुकली तर ती ‘राहायची’. बाबा स्वतःच्या बोटीचा तांडेल. बोट कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, परत कधी फिरायचं हे सगळं त्याच्या शब्दावर चालायचं. तांडेलाच्या घरात तो एक शब्द उच्चारला की बोटीला ऐकू जातं, अशी आमच्याकडे समजूत होती. ती कुणी बसवून शिकवली नव्हती. मी तीनेक वर्षांची असताना माझी वाटी बादलीत गेली आणि मी मोठ्या आनंदाने तो शब्द ओरडले, तेव्हा हिरा आत्याने धावत येऊन माझं तोंड दाबलं होतं. तिचा हात ओला होता आणि त्याला सुक्या जवळ्याचा वास होता. आज हे लिहितानाही तो शब्द मी जरा अंग चोरूनच लिहिलाय. अलिबागच्या ऑफिसात एसीखाली बसून लोकांचे अर्ज तपासणारी बाई मी, आणि ही माझी तऱ्हा.

हिरा आत्या बाबाची थोरली बहीण. लग्न होऊन ती गेली ती आमच्याच पाड्यात, आमच्या घराला भिंत लागून असलेल्या घरात. त्यामुळे माहेर तिने कधी सोडलंच नाही. नवरा लवकर गेला, एकुलती मुलगी प्रणाली आमच्यात वाढली. मी आणि प्रणाली एका चादरीत झोपायचो. आत्याचा आवाज असा की ती बंदरावर बोलायला लागली की घरी आई भाकरी थापताना थांबायची आणि म्हणायची, “आज कोनाची खैर न्हाय.” मी आत्मकथन लिहायला घेतलंय हे आत्याला कळलं तेव्हा ती म्हणाली, “तुजा वय काय, तू लिवतंस काय.” तिचं खरं आहे. पण ती सोळा वर्षांची हर्षदा मला आता इतकी लांबची वाटते, की तिच्याबद्दल लिहायला म्हातारं व्हायची वाट बघायची गरज नाही.

आमच्या पाड्यातल्या भांडणाबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आमच्यात भांडण दारातलं असायचं. आपल्या अंगणात उभं राहायचं, समोरचीचं नाव घ्यायचं आणि काय असेल ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचं. समोरची तिच्या अंगणात येऊन उत्तर द्यायची. पाठीमागे बोलणं नाही, नाव न घेता बोलणं नाही. नाव न घेता बोलणारीला बायका उभं करत नसत. भांडण कधी तासभर चालायचं, कधी तीन दिवस. मग जिला वाटायचं की आपलंच जरा जास्त झालं, ती एक ताट पाठवायची. ताटात मासळी, श्रावण असला तर करंज्या. ताटाबरोबर शब्द पाठवायचा नाही, माफी वगैरे तर मुळीच नाही. समोरचीने ते ताट रिकामं करून परत करताना त्यात काहीतरी घालायचं, मूठभर तांदूळ, गुळाचा खडा, काहीही. ताट रिकामंच परत आलं तर समजायचं, अजून संपलेलं नाही. आमच्याकडे त्यासाठी सहा ताटं होती, आईच्या लग्नातली, स्टीलची. प्रत्येकावर ठिपक्याठिपक्यांनी आईचं नाव आणि गावाचं नाव कोरलेलं, कारण ताटं फिरत असत आणि फिरून घरी यायला हवीत.

प्रणालीचं लग्न मे महिन्याच्या शेवटाला निघालं. बोटी वर ओढायच्या आधीच्या शेवटच्या फेऱ्या चालू होत्या, म्हणून बाबा हळदीला नव्हता, लग्नाच्या सकाळी पोचणार होता. आमच्याकडची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. डीजे असा लावलेला की पत्र्यावरची धूळ खाली येत होती. मटणाचा रस्सा, तांदळाच्या भाकऱ्यांच्या चवडी, सोड्यांचा भात, आणि नवरीपेक्षा जास्त हळद करवल्यांना. मी नाचले, खाल्लं, पुन्हा नाचले. मग प्रणाली पाटावर बसली आणि मला एकदम कळलं की उद्यापासून चादर मला एकटीला आहे. मी जी रडले ती तोंड उघडून, गळा काढून, नथ गालावर, अर्धा चेहरा पिवळा. आत्या तेव्हा समोर मोबाइल घेऊन उभी होती. सगळ्या जणी हसल्या. आत्याही हसली, आणि डोळे पुसत पुसत मला जवळ घेतलं.

पुढे पाऊस लागला आणि बोटी किनाऱ्यावर आल्या. पावसाळ्यात आमचा पाडा बसून असतो. पुरुष ओटीवर जाळी सांधतात, निळ्या ताडपत्रीवर पावसाचा एकसुरी आवाज चालू असतो, घरात सुक्या बोंबलाच्या कालवणाचा वास भिंतींत मुरतो आणि ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल. कॉलेज सुरू झालं होतं, अकरावी. एका दुपारी वर्गाच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं की उद्या गणिताची चाचणी आहे. त्यावर तन्वीने एक स्टिकर टाकलं. तन्वी नागावची, माझ्या बाकावर बसणारी, घरचा होमस्टे. स्टिकरमध्ये एक मुलगी गळा काढून रडत होती, अर्धं तोंड पिवळं, आणि खाली जाड अक्षरांत लिहिलं होतं: ‘बोट बुडाली’.

मी त्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिले. आधी वाटलं, कोण ही बाई, काय ध्यान दिसतेय. मग नथ ओळखली. नथ आईची होती.

त्यानंतर मी काय केलं ते सांगते, कारण ते माझं मलाच अजून नीट समजलेलं नाही. मी खाली तीन हसणारे चेहरे टाकले. तन्वीने लगेच लिहिलं, ‘तू फेमस झालीस यार.’ सगळे हसले, मीही हसले, आणि मोबाइल उशीखाली ठेवून मोरीत जाऊन तोंड धुऊन आले. तोंडाला काही लागलेलं नव्हतं तरी साबण लावला. मला राग आला होता की नाही, हे मला ठरवता येईना. हसण्यासारखं चित्र होतंच. दुसऱ्या कोणाचं असतं तर मीच ते दहा जणांना पाठवलं असतं. यातल्या शेवटच्या वाक्याकडे मला पुन्हा यायचं आहे.

महिन्याभरात ते माझं राहिलंच नाही. चाचणीत नापास झालं, बोट बुडाली. एसटी चुकली, बोट बुडाली. कुणाचा रिचार्ज संपला, तरी माझंच तोंड. स्टॉपवर ओळख ना पाळख अशी पोरं माझ्याकडे बघून तोंड वासायची आणि डोळ्यांवर मुठी चोळायची. एक मुलगी तर ते इतकं हुबेहूब करायची की मलाच बघत राहावंसं वाटायचं. कोणी शिवी दिली नाही, कोणी हात लावला नाही. मग तक्रार कसली करायची? बाईंना सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, दुर्लक्ष कर. तन्वीला सांगितलं तर ती म्हणाली, “अगं, प्रेमाने हसतात.” मी बोलणं कमी केलं. फोटो निघायला लागला की पाठ फिरवायला लागले. वर्गात हसू आलं तरी तोंड मिटून हसायची सवय लागली, ती अजून आहे. नवरा विचारतो, दात दाखवायला लाजतेस का. हो म्हणते, कुठे सांगत बसायचं.

एकदा आई मला मोबाइल दाखवत म्हणाली, “ही कोन गो पोरगी? माज्या बहिनीने धाडलीय, तिचा गॅस संपलाय बोलते.” आणि बोलता बोलता आईचा चेहरा बदलला. तिने मोबाइल जवळ नेला, लांब नेला. मग अक्षरं वाचली. मला वाटलं होतं ती चित्राबद्दल काही बोलेल. तिने मोबाइल पालथा घातला आणि हळू आवाजात विचारलं, “हा शबुद तुज्या तोंडाखाली कोनी लिवला?”

तोपर्यंत माझ्या डोक्यात अक्षरं आलीच नव्हती. मी फक्त तोंडाकडे बघत होते. आईला तोंड दिसलं नाही, तिला अक्षरंच दिसली. तांडेलाची पोरगी, रडतेय, आणि खाली ते.

पाड्यात ते त्याच आठवड्यात पोचलं. बाबाच्या बोटीवरचा सगळ्यात जुना खलाशी जनूनाना, माझ्या आजोबांबरोबर वल्ही मारलेला माणूस. मला खांद्यावर बसवून त्याने पालखी दाखवली होती. त्याच्या नातवाने त्याला ते दाखवलं. जनूनाना घरी आला, ओटीवर टेकला, चहा प्यायला, आणि उठताना बाबाला म्हणाला, “औंदा पुनवेला दिवा दुसऱ्या कोनाच्या हातात दे. पोरीचा दोष न्हाय, मी जानतो. पन बोटीवरची पोरा घाबरलीत.”

नारळी पुनवेला बोटीची पूजा झाल्यावर घरच्या मुलीने दिवा घेऊन नाळेपर्यंत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत जायचं, असं आमच्या घरात होतं. आधी आत्या जायची, मग प्रणाली. प्रणालीचं लग्न झालं, आता माझी पाळी. मी लहानपणापासून त्याची वाट बघितली होती, परकर उचलून ओटीभर चालायचा सराव केला होता. मी दाराआड उभी होते. बाबा नाही म्हणेल असं मला वाटलं. त्याने जाळ्यातली एक गाठ ओढून घट्ट केली, पुढची घेतली. त्याची अडचण मला आज कळते. बोट एकट्याने चालत नाही, आणि घाबरलेली माणसं घेऊन समुद्रावर जायचं नसतं. पण तेव्हा मला वाटलं की इतके दिवस जग हसत होतं ते परवडलं, हा माणूस गप्प बसला हे नाही परवडत. त्या रात्री मी जेवले नाही, आणि कोणी आग्रहही केला नाही.

आत्याला कळलं तेव्हा ती ताठ उभी राहिली. तिच्या दृष्टीने हे भांडण होतं, आणि भांडणाला दार असतंच. “कोन हाय ती, जी नाव न घेता बोलते? कंच्या दारात जायाचा, ता सांग मना.” मी समजावलं की आत्या, दार नसतं, हे असंच फिरतं. ती म्हणाली, “फिरतंय ना? मंग कुठनं तरी निघाला असल.” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवं लुगडं नेसून ती दारात उभी. माझं कॉलेज ‘राहिलं’.

पहिलं दार तन्वीचं. नागावला पाऊस असूनही त्यांच्याकडे पाहुणे होते, पोफळीखाली ओल्या खुर्च्या, आतून कांदाभजीचा वास. आत्याने अंगणात उभं राहून तन्वीचं पूर्ण नाव घेतलं. तन्वी बाहेर आली ती आत्याला बघून आनंदानेच आली. तिची आई चहा घेऊन आली. आत्या भांडायला आलेली, हातात बशी. तन्वी म्हणाली, “आत्या, शप्पथ, मी नाही बनवलं. मला ओंकारने पाठवलं. मला वाटलं हर्षूला माहितीये.” ती रडायलाच लागली, मग आत्यानेच तिला गप्प केलं. रिक्षात बसल्यावर आत्या म्हणाली, “पोरगी वायट न्हाय.” तिच्या आवाजात नाराजी होती.

दुसरं दार चौलला, ओंकारचं. त्याच्या वडिलांचं झेरॉक्सचं दुकान. ओंकार आमच्या वर्गातला, घाबरट, नेहमी पहिल्या बाकावर. त्याने आत्याला बघताच मोबाइल काउंटरवर ठेवला, पोलिस आल्यासारखा. त्याला ते त्याच्या मावसभावाने पाठवलं होतं, विकीने. विकी प्रणालीच्या नवऱ्याचा मित्र, उलव्याला राहणारा, हळदीला आलेला. आत्या म्हणाली, फोन लाव. ओंकारने लावला आणि आवाज मोठा केला. दुकानातली दोन गिऱ्हाइकं तिथेच थांबली.

“बोल ना भावा,” विकी म्हणाला.

“मी हिरा बोलतंय, प्रणालीची आय,” आत्या म्हणाली. “माज्या भावाच्या पोरीचा फोटो तू इचित्र केलास?”

“अरे मावशी, मैंने नहीं बनाया, कसम से. तेव्हा सगळेच बोलायचे ना, बोट बुडाली, बोट बुडाली. कोणीतरी टाकलं असेल वरती. माझ्याकडे ते बनूनच आलं.”

“आनि फोटो? फोटो कुठना आला?”

“फोटो तर तुमच्याच साइडने आला ना, मावशी. हळदीच्या ग्रुपवर. थांबा, दाखवतो.”

ओंकारचा मोबाइल वाजला. हळदीच्या ग्रुपवरच्या त्या दिवसाचा स्क्रीनशॉट होता तो. दोन्हीकडची माणसं असलेला भला मोठा ग्रुप. माझं तोंड, बिन अक्षरांचं. वर पाठवणाऱ्याचं नाव: हिरा. खाली तिने स्वतः बोलून टाकलेला मजकूर, यंत्राने लिहिलेला: ‘बघ रे तुझी पोरगी कशी रडते तू लवकर ये.’

तिने तो बाबाला पाठवला होता. बोटीवर. डीजेच्या आवाजात, हळदीच्या बोटाने, यादीत बाबाच्या नावाऐवजी वरची ग्रुपची ओळ दाबली गेली.

आत्याला वाचता येतं, पण सावकाश. ती एक एक अक्षर वाचत होती आणि मी तिच्या बोटाकडे बघत होते. वाचून झाल्यावर तिने मोबाइल ओंकारच्या हातात दिला, नीट, दोन्ही हातांनी. दुकानाच्या पायरीवर बसली. झेरॉक्सचं यंत्र चालू होतं, त्याचा उजेड तिच्या पाठीवर इकडून तिकडे जात होता. मला तिच्यावर रागवायचं होतं आणि तिच्या कुशीत शिरायचं होतं, दोन्ही एकाच वेळी. ओंकारच्या वडिलांनी पाणी दिलं. आत्या गप्प बसलेली मी त्याआधी पाहिलीच नव्हती.

पुनवेच्या आदल्या दिवशी दुपारी आत्या भिंतीपलीकडून ताट घेऊन आली. आईचंच ताट होतं ते, कधीतरी तिच्याकडे गेलेलं. वर रुमाल, खाली नारळाच्या करंज्या, अजून गरम. आई पुढे झाली, कारण ताट घरातल्या बाईला येतं. आत्याने हात मागे घेतला. “तुना न्हाय. हर्षीला हाय.” माझ्या समोर ताट ठेवून ती निघून गेली.

मी ताटासमोर बसून राहिले. घरभर तुपात तळलेल्या नारळाचा वास. आई म्हणाली, “खा गो, तिने जीव तोडून केल्यात.” मी एक उचलली, आणि तशीच परत ठेवली. आणि याचं कारण आत्या नव्हती.

आता ‘दुसऱ्या कोणाचं असतं तर’ या माझ्या वाक्याकडे येते. दहावीत आमच्या वर्गात सुवर्णा नावाची मुलगी होती. म्हसळ्याच्या बाजूच्या एका गावची, घरची भातशेती, शिकायला म्हणून मामाकडे राहिलेली. मामाकडचं सगळं पाणी भरून, झाडलोट करून ती शाळेत यायची आणि तिसऱ्या तासाला झोपायची, मान मागे टाकून, तोंड उघडं. एकदा मी तिचा फोटो काढला. घरी आले, त्याचं स्टिकर केलं, खाली लिहिलं ‘नेटवर्क नाही’. दहा मिनिटांचं काम. सगळे इतके हसले की मला स्वतःच्या बुद्धीचं कौतुक वाटलं. वर्गात तिला ‘नेटवर्क’ म्हणायला लागले. तीही हसायची. तिने खाली हसणारे चेहरे टाकले होते का? टाकले होते. तीन. दिवाळीनंतर ती शाळेत आलीच नाही. कोणी म्हणालं, मामीशी पटलं नाही. कोणी म्हणालं, आई आजारी. मी कधी विचारलं नाही. स्वतःचं तोंड गावभर फिरत असताना, त्या अख्ख्या पावसाळ्यात, मला सुवर्णा एकदाही आठवली नव्हती. ती आठवली करंजीच्या ताटासमोर.

पुनवेच्या सकाळी बोटी पताकांनी भरल्या. बाबाची बोट नव्या रंगात, नाळेला झेंडूचा हार. मी आईबरोबर मागे, बायकांच्या घोळक्यात. आत्याने नारळ सजवला होता, सोनेरी कागद लावून, कारण घरात थोरली ती, तिच्या हातचा नारळ गेल्याशिवाय बोट पाण्याला लागत नाही. दिवा द्यायची वेळ आली तेव्हा बाबाने ताम्हन हातात धरलं आणि तो नुसताच उभा राहिला. कोणाला द्यावं हे त्याने ठरवलंच नव्हतं. जनूनाना पाण्याकडे बघत होता.

आत्या बोटीत चढली आणि वळली. आपल्या अंगणात उभी राहते तशी उभी राहिली. “जनूनाना, इकडं बघा. ता फोटो मी धाडलाय. हिरानं. माज्या हातना चूक झाली. नाव घ्याचा तर माजा घ्या, पोरीचा कशाला घेता? अक्षरा कोनी लिवली ता मना गावला न्हाय, सगली वाट पालथी घातली. पन पयला दार माजाच हाय. पोरगी अपशकुनी असल तर मी तिच्या आधी. मंग ह्यो नारल बी नको तुमाना.” आणि तिने नारळ पदरात घेतला.

डीजेवाल्याने आवाज कमी केला. आमच्या पाड्यात इतक्या वर्षांत कोणी स्वतःच्याच नावाने दारात उभं राहिलं नव्हतं, त्यामुळे उत्तर कोणी द्यायचं हेच लोकांना समजेना. शेवटी जनूनानाने डोक्यावरची टोपी काढली, परत घातली आणि म्हणाला, “पोरीला दिवा दे रं. पानी उतराय लागल.” बाबाने ताम्हन माझ्याकडे दिलं. तो फक्त एवढंच म्हणाला, “बघून चाल.” मी नाळेपर्यंत गेले. पाय ओले, फळ्या निसरड्या. इतकी वर्षं वाट बघितलेली ती गोष्ट मला धड आठवतही नाही, कारण माझ्या डोक्यात सुवर्णाचं उघडं तोंड होतं.

घरी येऊन मी आत्याचं ताट परत केलं. त्यात तांदूळ घातले, वर गूळ. तिने ते घेतलं आणि पदराने नाक पुसलं. मग मी तिला सुवर्णाचं सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल की लहान होतीस. ती म्हणाली, “ताट भर.”

पुढच्या रविवारी आम्ही दोन एसट्या बदलून म्हसळ्याला आणि तिथून सहाआसनीने त्या गावात गेलो. मांडीवर आईचं ताट, करंज्या, वर रुमाल. लावणी संपलेली, शेतं हिरवी, समुद्राचा वास कुठेच नाही. सुवर्णाचं घर शाळेच्या मागे. तिची आई अंगणात भांडी घासत होती, म्हणजे आई आजारी नव्हती, किंवा बरी झाली होती. सुवर्णा दारात आली. मी ओळखलं, तिनेही ओळखलं. मी एसटीत पाठ केलेलं सगळं विसरले आणि एवढंच म्हणाले, “ते स्टिकर मी बनवलं होतं. नेटवर्कचं. मी, हर्षदाने.”

तिने आधी माझ्या हातातल्या ताटाकडे बघितलं. मग म्हणाली, “मला म्हाईत नव्हतं कुनी केलं ते. मला वाटायचं, सगळ्यांनी मिळून केलंय.”

“शाळा त्यामुळे सोडलीस का?”

“म्हाईत न्हाय,” ती म्हणाली. खरंच विचार करून म्हणाली, मला टाळायला नाही. “आता सांगता यायचं न्हाय.” आणि तिने माझ्या हातातलं ताट घेतलं, रुमालासकट, आणि आत गेली.

तिच्या आईने चहा दिला. भाताबद्दल, पावसाबद्दल आत्याशी बोलली. मी दाराकडे बघत होते. आतून भांड्यांचा आवाज येईल, डब्याचं झाकण निघेल, तांदळात हात जाईल, असं वाटत होतं. काही आवाज आला नाही. परतीच्या गाडीची वेळ झाली. मी उठेना, तेव्हा आत्याने माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाली, “चल. ताट मागाचा नसतंय.”

त्याला आता बरीच वर्षं झाली. बोट त्या वर्षी सुखरूप येत जात राहिली, त्यावरून काही सिद्ध होत नाही. स्टिकर अजून फिरतं. मागच्या महिन्यात ऑफिसातल्या एका नव्या मुलीने प्रिंटर बंद पडल्यावर मलाच पाठवलं. तिला काय सांगणार, मी लिहिलं, मेकॅनिकला बोलाव. सुवर्णाचं काय झालं मला ठाऊक नाही. आपण तिला नाव सांगून तिचं ओझं कमी केलं की तिला आणखी एक दिलं, हेही नाही. मला कुणी येऊन ‘मी लिहिली ती अक्षरं’ असं सांगितलं तर मी त्याच्या ताटात काय घालीन, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे आणि दर वेळी उत्तर वेगळं येतं. पुनवेला आई ताटं काढते तेव्हा पाच निघतात आणि सहावं म्हणून एक प्लास्टिकचं ठेवावं लागतं. आई ते दर वर्षी माझ्यासमोर मांडते. सुवर्णाकडे राहिलेल्या त्या ताटावर आईचं नाव आहे, गावाचं नाव आहे. वाट चुकण्यासारखं त्यात काही नाही.